लेटरहेडवाल्यांनो, तुम्ही आम्हाला ओळखता?

ह्या देशात आपण कोण आहोत हे आपल्या तोंडानं सांगितलेलं चालत नाही. ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. दुसरा म्हणजे ज्याच्याकडं छापील लेटरहेड आहे, गोल शिक्का आहे, नावापुढं पदव्यांची शेपटी आहे तो. "सदर अर्जदारास मी व्यक्तिशः ओळखतो. त्यांचे चारित्र्य उत्तम असून त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा." दोन ओळी आणि खाली कोंबडीच्या पायासारखी सही. ह्या दोन ओळींसाठी आपली पोरंपोरी व्हरांड्यात चपला काढून उभी राहतात, साहेब जेवून येईस्तोवर.

आरक्षणाला कुबडी म्हणणाऱ्यांना माझा साधा सवाल आहे. शिफारस काय आहे मग? आमची सवलत निदान कायद्यात लिहिलेली आहे. टक्के छापलेले, यादी लावलेली, कुणीही येऊन वाचावी. तुमची सवलत मामाच्या खिशात असते. काकाच्या वर्गमित्राच्या फोनमधे असते. लग्नाच्या पंगतीत ती एका पानावरून दुसऱ्या पानावर वाढली जाते. तिचा टक्का कुठं छापत नाहीत. तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. तिला तुम्ही 'संपर्क' म्हणता आणि संपर्कातून जे मिळतं त्याला 'गुणवत्ता' म्हणता. च्यायला, हे बरं आहे.

मी गोदीत काम करतो. दहावी पास. मूळ जामनेर तालुक्यातला. बाप कापूस वेचून आणि केळीचे घड वाहून म्हातारा झाला, मी मुंबईत येऊन पेट्या वाहतो. गोदीच्या गेटात शिरायचा पास काढायला पोलिसाचा दाखला लागला, तेव्हापासून मला ह्या 'चांगल्या वर्तणुकीच्या' धंद्याचा राग आहे. मालाच्या पेटीला कुणी चारित्र्य विचारत नाही, ती उचलणाऱ्याला विचारतात.

आता गोदीवाल्या माणसानं वकिलीच्या शिक्षणाच्या अर्जांवर का लिहावं? कारण माझी आतेबहीण. जिल्ह्याच्या गावी बी.ए. केलं, मग तीन वर्षं कायदा केला. त्याला आता आठ वर्षं झाली. तेव्हापासून तालुका कोर्टात एका ज्येष्ठ वकिलाच्या टेबलाला टेबल लावून बसते. आता तिला बाहेर जाऊन एलएल.एम. करायचंय. आत्या म्हणाली, "अव माय, आते कुठी जातं एवढ्या दूर?" पण पोरगी हटत नाही. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागांची. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग आहे. विद्यापीठांचे अर्ज मात्र आधी वेगळे भरावे लागतात. आणि त्यात कुठं ना कुठं ती चौकट येतेच. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं द्या. त्यांचा हुद्दा लिहा. ते तुम्हाला किती वर्षांपासून ओळखतात ते लिहा.

इथं महाराष्ट्रात एलएल.बी.ला जाताना हे नव्हतं. सीईटी द्यायची, मार्क पडतील तिथं जागा. उत्तरं तपासणाऱ्या यंत्राला आडनाव वाचता येत नाही. परीक्षा काही फार पवित्र आहे असं मी म्हणत नाही, क्लासवाल्यांनी ती कधीच विकत घेतलीय. पण माणूस समोर आला, त्याचं नाव कळलं, की मार्कांना काय होतं हे दिल्लीच्या जेएनयूत दिसलं. तिथल्या अब्दुल नफे समितीनं २०१६ साली आकडे मांडून दाखवलं की लेखी परीक्षेतल्या आणि तोंडी परीक्षेतल्या गुणांत जो फरक पडतो त्याला भेदभावाचा वास आहे. तोंडी परीक्षा निदान समोरासमोर होते. शिफारसपत्र तर आपल्या पाठीमागं लिहिलं जातं आणि बऱ्याचदा आपल्याला वाचायलाही मिळत नाही.

तर सही कुणाची मागायची? बहिणीनं मला फोन केला. भावाच्या कविता छापून येतात म्हणजे भावाला कागदाची भाषा कळते असा तिचा समज. मला कळते ती वजनाची भाषा. पेटीवर लिहिलेलं वजन आणि पाठीवर पडलेलं वजन ह्यात फरक असतो, हे गोदीत पहिल्याच आठवड्यात कळतं. शिफारसपत्रांचं तसंच आहे. ती चार दारांत गेली. चारही सांगतो.

पहिलं दार प्राध्यापकाचं. तेव्हा विभागप्रमुख होते, आता आणखी वर चढलेत. तीन वर्षं ही पोरगी त्यांच्यासमोर दुसऱ्या बाकावर बसली. त्यांनी विचारलं, "तुमची बॅच कुठली? चेहरा आठवत नाही." मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव ऐकलं आणि सगळं आठवलं. पोरगी नव्हे, जात आठवली. तीन वर्षांत चेहरा ओळखला नाही, आडनाव एका सेकंदात ओळखलं. ह्याला म्हणतात विद्वत्ता! वर सल्ला दिला : "इथं कोर्टात बरं चाललंय ना? कशाला एवढी धावपळ? ठीक आहे, तूच लिहून आण, मी सही करतो."

तूच लिहून आण. दोस्तहो, हे वाक्य उपकारासारखं ऐकू येतं. त्याचा अर्थ असा, की तुझ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण माझा शिक्का घेऊन जा आणि जन्मभर माझी ऋणी राहा. आणि आपली पोरं लिहून नेतात! 'मेहनती, हुशार, प्रामाणिक, होतकरू.' हे चार शब्द बैलाच्या बाजारातही चालतात. ते वाचणारा तिकडचा माणूस अशी शेकडो पत्रं वाचतो. कोरड्या विशेषणांखाली माणूस नाही हे त्याला पहिल्या ओळीत कळतं.

दुसरं दार पुढाऱ्याचं. आपलाच माणूस. गळ्यात निळा गमछा, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, फोटोखाली सोफा. टेबलावर सह्या करून ठेवलेल्या लेटरहेडांचा गठ्ठा. पोरगा म्हणाला, "ताई, नाव टाका, तारीख टाका, घेऊन जा." त्या गठ्ठ्यातून रेशनकार्डाला कागद जातो, पोलिस चौकीत जातो, बोअरवेलच्या मंजुरीला जातो. आता कायद्याच्या उच्च शिक्षणालाही तोच. ज्यानं तिचं नाव कागदावर नंतर वाचायचं, किंवा वाचायचंच नाही, तो म्हणे तिला व्यक्तिशः ओळखतो! प्राध्यापकाला निदान आठवत नाही म्हणायची लाज नव्हती. ह्यांना तर आठवायचीही गरज नाही. आपल्या वस्तीच्या जोरावर मिळालेलं लेटरहेड आपल्यालाच भिकेसारखं वाटतात. असल्या दलालांचा कागद घेऊ नका. त्याची किंमत पुढच्या निवडणुकीत वसूल होते.

तिसरं दार त्या ज्येष्ठ वकिलाचं. आपल्या जातीचा नाही. मोठा पुरोगामी वगैरेही नाही, चळवळीवर बोललं की चष्मा पुसत बसतो. पण त्यानं तिचं काम बघितलंय. चोरीच्या केसमधे अडकवलेल्या एका पारधी पोराची गोष्ट त्यानं पत्रात लिहिली. पंचनाम्यावर ज्या पंचाची सही होती, तो त्या दिवशी गावात नव्हताच. ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता. हे हिनं मुकादमाच्या उचलीच्या वहीतून शोधून काढलं, त्यासाठी दोन दिवस एसट्या बदलत फिरली. वकिलानं पत्रात एवढंच मांडलं : काय घडलं, हिनं काय केलं, कोर्टात त्याचा काय उपयोग झाला. शेवटी लिहिलं की हिला रागावर ताबा ठेवायला वेळ लागतो. बहीण घाबरली. मी म्हटलं, राहू दे. ज्या पत्रात एकही खोट नाही ते पत्र खोटं असतं.

चौथं दार तासिका तत्त्वावरच्या सरांचं. तीन कॉलेजात तास घेणारा माणूस, महिन्याला किती मिळतील त्याचा भरवसा नाही. ह्यांनी तिला पुरावा कायदा शिकवला. आठ वर्षांनी भेटले तरी म्हणाले, "तू ऐकीव पुराव्यावर निबंध लिहिला होतास. मी तुझ्याशी वाद घातला होता." त्यांना पोरगी आठवत होती, वाद आठवत होता. पण सरांकडं ना लेटरहेड, ना कॉलेजचा ईमेल. आणि परदेशी विद्यापीठांचं कसं असतं, ते शिफारस करणाऱ्याला स्वतः ईमेल पाठवतात आणि तो संस्थेचा पत्ता असावा अशी अपेक्षा धरतात. खाजगी पत्ता असेल तर काही ठिकाणी घेत नाहीत, काही ठिकाणी वर आणखी पुरावा मागतात. म्हणजे बघा गंमत. ज्याला पोरगी आठवते त्याच्याकडं ईमेल नाही. ज्याच्याकडं ईमेल आहे त्याला पोरगी आठवत नाही. कायम नोकऱ्या भरल्या नाहीत, तासावर माणसं राबवली, त्याची किंमत अशी शिकून गेलेल्या पोरांनी भरायची.

बहिणीनंच मग मला ते कायद्याचं कलम सांगितलं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६०. पाहिल्याची गोष्ट असेल तर ज्यानं पाहिलं त्यानं सांगावं, ऐकल्याची असेल तर ज्यानं ऐकलं त्यानं. कुणी कुणाकडून ऐकलं म्हणून कोर्टात चालत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हा नियम तसाच आहे. तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिफारसपत्र म्हणजे साक्ष, आणि साक्ष बघणाऱ्याची असते. खुर्चीची साक्ष नसते. तिनं तिसरं आणि चौथं दार निवडलं. सरांचा ईमेलचा प्रश्न कॉलेजच्या कार्यालयाकडून ते तिथं शिकवतात असा दाखला जोडून सोडवायचा, आणि अर्जाआधीच विद्यापीठाला लिहून विचारायचं की हे चालेल का. विचारायला लाजायचं कशाला? आपण सोडवणुकीची भीक मागत नाही, नियम विचारतो.

आता कुणी म्हणेल, लेटरहेडशिवाय ह्या जगात काही होतं का? बाबासाहेबांनाही पत्रं लागलीच की. लागली. पण कुणाची लागली ते नीट वाचा.

पहिली शिफारस कृष्णाजी अर्जुन केळुसकरांची. हा काही संस्थानिक नव्हता, दिवाण नव्हता. शाळेतला शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एक पोरगा रोज पुस्तक घेऊन बसतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं. त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडं शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांवर भीमरावाचं कॉलेज चाललं. १९१३ साली तो कोलंबियाला गेला. १९१६ साली लंडनला निघाला तेव्हा प्रा. सेलिग्मन यांनी पत्र दिलं. कारण त्यांच्या वर्गात त्यांनी ह्या पोराचं काम पाहिलं होतं. त्याच साली ग्रेज इनमधे बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली, शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. तेव्हा चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालवायची मुभा मिळाली ती प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीनं. १९२० साली बाबासाहेब परत गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक आलं, त्याला ह्याच कॅनननी प्रस्तावना लिहिली आणि त्यात आपले मतभेद उघड लिहिले. हे बघा! न पटणाऱ्या माणसानं दिलेली साक्ष. तिला वजन असतं. आमच्या पुढाऱ्याच्या गठ्ठ्यातला कागद हजार वेळा 'होतकरू' म्हणाला तरी त्याला वजन नाही.

आणि त्याच वेळी हेही विसरू नका, की ही सगळी पत्रं खिशात असताना खानदेशानं काय केलं. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. सरकारी समितीचे सभासद, बॅरिस्टर, लंडनची आणि अमेरिकेची डॉक्टरेट. टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात घेऊन हाकायला नकार दिला. मग टांगा भाड्यानं घेतला, हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला, ज्याला टांग्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. कोलंबियाचं पत्र टांगेवाल्याला वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. त्याला जे वाचायचं होतं ते त्यानं वाचलं होतं. लंडनमधे ज्याला ओळख म्हणत होते, ती चाळीसगावच्या स्टेशनाबाहेर चालली नाही.

मग काय चाललं? सनद. तोच माणूस १९३७ च्या जुलैत एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आला, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरला. आजही दरवर्षी ३१ जुलैला लोक तिथं भीमस्मृती यात्रेला जमतात. टांग्यात बसू न देणाऱ्या मुलखात तो काळा कोट घालून न्यायाधीशापुढं उभा राहिला आणि कुणाला विचारावं लागलं नाही की मी उभा राहू का. म्हणून वकिलीचं शिक्षण आपल्याला हवं. ते एका पोरीच्या परदेशवारीपुरतं नाही. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, म्हणजे दाखल्यावर सही करायची खुर्चीही त्यांनी घेऊन दाखवली. १९५६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झालं. शिफारस मागणाऱ्यांची रांग नुसती वाढवायची नाही, टेबलाच्या पलीकडंही बसायचं, हा त्याचा अर्थ.

गेल्या वर्षीची, २०२५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट घ्या. खानदेशातल्या एका दलित पोराचं प्रकरण पेपरांत गाजलं. इंग्लंडात शिकला, तिथं नोकरी मिळत होती, आधीच्या कॉलेजनं 'हा आमच्याकडं शिकला' एवढं कळवायचं होतं. कॉलेज ते जातीमुळं देत नाही असा त्याचा आरोप. कॉलेजनं आरोप नाकारला, आपण आधी पत्रं दिली होती असं सांगितलं. खरंखोटं चौकशीनं ठरो. पण मुद्दा तेवढ्यानं मिटत नाही. शिकलो हे आपल्या गुणपत्रिकेत छापलेलं असताना, शिकलो की नाही हे सांगायलाही आपण कुणाच्या मर्जीवर का टांगलेलो असावं? गुणपत्रिका आणि शिक्षणाची पडताळणी हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या नमुन्यात, कुणाच्या मूडशिवाय ती मिळालीच पाहिजे. पत्रात स्तुती करायची की नाही हा शिक्षकाचा प्रश्न. पडताळणी हा नाही.

आता आपल्यातल्या साहेबांना दोन शब्द. भो, तुम्ही शिकलात, अधिकारी झालात, प्राध्यापक झालात, बंगल्याच्या पाटीवरून आडनाव काढून टाकलंत. वस्तीतल्या पोरीचा फोन आला की 'मीटिंगमधे आहे'. तुमचं लेटरहेड कशासाठी राखून ठेवलंय? माझं म्हणणं असं नाही की आपल्या जातीच्या पोराला डोळे मिटून सही द्या. तसं केलंत तर तुम्ही आणि त्या मामाकाकांच्यात फरक काय? पोराला बोलवा. त्याचं काम बघा. वर्षभर बघा. मग जे दिसलं ते लिहा, खोट असेल तर तीही लिहा.

आणि पोरापोरींनो, तुम्हाला. कॉलेज सोडताना नुसता दाखला घेऊन पळू नका. ज्या सरांनी तुमचा एक पेपर मन लावून वाचला त्यांचा पत्ता ठेवा, वर्षातून एकदा कळवा की काय चाललंय. पत्र मागायला जाल तेव्हा अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी निदान महिनाभर जा. सोबत एक कागद न्या : कोणत्या साली शिकलो, काय लिहिलं, त्यानंतर कुठं काय काम केलं, कशासाठी अर्ज करतोय. आठवण करून देण्यात कमीपणा नाही. "तूच लिहून आण" म्हणाले तर हा कागद पुढं ठेवा आणि म्हणा, सर, हे मुद्दे, वाक्यं तुमची. नाही म्हणाले तर नमस्कार करून दुसरं दार. कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली असतील तर बऱ्याच विद्यापीठांत कामावरच्या वरिष्ठाचं पत्र चालतं. त्यांचा नियम आधी वाचा आणि मग कुणाच्या पायरीवर जायचं ते ठरवा.

शेवटची गोष्ट चळवळीची. चेव्हनिंगला पदवीनंतर निदान २८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो आणि त्यात बिनपगारी, स्वयंसेवी कामही धरतात. आता सांगा, आपली पोरं रात्री अभ्यासिका चालवतात, पोलिस स्टेशनात अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार लिहून घ्यायला रात्र काढतात, कोर्टात पीडितांबरोबर उभी राहतात. ते तास कुठं लिहिलेत? कुठंच नाही. गोदीत आमची हजेरी लागली नाही तर पगार नाही, म्हणून आम्ही हजेरीच्या वहीवर डोळा ठेवून असतो. चळवळीत मात्र दहा वर्षं राबलेल्याची एक ओळ सापडत नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस फोटोसकट सापडतो.

म्हणून प्रत्येक शाखेनं, प्रत्येक अभ्यासिकेनं वही घालावी. तारीख, काम, किती तास, कुणी पाहिलं. ज्यानं पाहिलं त्यानं सही करावी, खोटा तास एकही नको. उद्या कुठलीही पोरगी, जामनेरची असो की धारावीची, अर्ज भरायला बसली तर तिच्या मागं साक्षीदार उभे पाहिजेत. आमची ओळख द्यायला आम्ही समर्थ आहोत. लेटरहेडवाल्यांनी आपली ओळख आपल्याजवळ ठेवावी.

जय भीम.